उसना आवाज

“अप्पुरम्?”

मान डावीकडे कलती करून, डोळे समोरच्या माणसावर लावून तो एवढंच विचारायचा. शब्द तमिळ, अर्थ ‘मग? पुढे?’. पण आम्हा तंजावरी मराठ्यांच्या बोलीत तो इतका मुरला आहे की आम्हाला तो आपलाच वाटतो. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्यापुढे बसलं की नको ते सगळं सांगून होतं. आमच्या कुंभकोणमच्या गल्लीत हा होता. त्याची नि माझी भिंत एकच.

धंद्याने तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा संशोधक. चेन्नईत शिकला, परदेशात डॉक्टरेट मिळवली आणि तिथल्याच एका मोठ्या कंपनीत यंत्रांना माणसांचं बोलणं समजावं म्हणून बरीच वर्षं खपला. आईची नजर पार गेली तेव्हा चंबूगबाळं आवरून परत आला. वडील आधीच गेले होते, लग्न त्याने केलं नव्हतं. नोकरी घरूनच चालू ठेवली. गल्लीत त्याला ‘डॉक्टर’ म्हणत, त्यामुळे सुरुवातीला काही म्हाताऱ्या गुडघे दाखवायला आल्या. हा बिचारा गुडघा निरखून बघायचा आणि विचारायचा, “अप्पुरम्?” म्हातारी मनसोक्त बोलायची आणि बरं वाटून घरी जायची.

मी त्याचा मामा, नात्याने नव्हे, शेजाराने. माझी बँकेची नोकरी सोलापुरात झाली. तिकडे मी तोंड उघडलं की लोक हसायचे. “राव, थेट बखरीतून उठून आलात का?” म्हणायचे. त्या हसण्यापायीच मी तिकडचं मराठी लिहायला शिकलो. हे त्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

“मामा, जगाच्या इतक्या भाषा यंत्रास शिकविल्या,” तो म्हणाला, “घरचीच राहिली.”

तिथून ते वेड सुरू झालं. यंत्र लेकरासारखं असतं, ऐकून ऐकून शिकतं, असं तो सांगे. आमची बोली छापलेली फारशी कुठे नाही, ती म्हाताऱ्यांच्या तोंडात. म्हणून आम्ही दोघं टाउन बसने दारासुरमला जायचो, पट्टीश्वरमला जायचो, आडुतुरैला भातसंशोधन केंद्रातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे तर किती वेळा गेलो. तो रेकॉर्डर ठेवायचा, मान कलती करायचा, आणि मग लग्नं, भांडणं, मेलेली मुलं, आटलेल्या विहिरी असं सगळं बाहेर पडायचं. एकदा एक आजोबा नव्वदीत पहिल्यांदाच बायकोची माफी मागून मोकळे झाले. बायको आत भात वेळत होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

घरी आल्यावर त्याचं दुसरं काम सुरू व्हायचं. कानाला हेडफोन लावून तो प्रत्येक रेकॉर्डिंगमधून स्वतःचा आवाज कापून टाकायचा.

“ठेव की रे थोडा,” मी म्हणायचो.

“नको मामा. विचारणाऱ्याचा आवाज आंत राहिला तर यंत्र गोंधळतें. माझें बोलणें म्हणजे तांदळांतले खडे.”

आणि एकेक ‘अप्पुरम्’ वेचून फेकून द्यायचा.

यंत्र शिकू लागलं. ऐकलेलं पडद्यावर लिहू लागलं. पण त्याला एक खोड लागली. खोलीत कोणी बोलत नसलं, नुसती शांतता असली, की ते आपलं आपण लिहायचं, ‘काप्पी घेतली?’ आमच्या लोकांनी प्रत्येक गप्प क्षणाला पाहुण्याला तेच विचारलं होतं, त्यामुळे शांतता म्हणजे कॉफी अशी त्याची समजूत झाली. मी म्हटलं, ही चूक काढ. तो म्हणाला, “राहूं दे. दुसरें काय विचारितो आपण तरी?”

पुढे यंत्राला बोलायलाही शिकवायचं ठरलं. त्यासाठी एकाच माणसाला पुष्कळ वाचावं लागतं. त्याने मला धरलं. “तुमचा आवाज आळशी आहे मामा, यंत्रास सोसेल.” भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत, पंखा बंद करून, घाम पुसत मी वाक्यामागून वाक्य वाचलं. त्याची आई बाहेर झोपाळ्यावर बसून ऐकायची आणि माझ्या चुका काढायची. यंत्र माझ्या आवाजात बोललं तेव्हा माझ्या बायकोने कपाळाला हात लावला. “एक पुरे नव्हता?” म्हणाली.

त्याच सुमारास त्याचा घसा बसला. बंद खोलीमुळे असेल, असं आम्हाला वाटलं. तसं नव्हतं. डॉक्टरांनी घशाचा कॅन्सर सांगितला, स्वरयंत्रच काढून टाकावं लागेल म्हणाले.

मरणाचं त्याने फारसं मनाला लावून घेतलं नाही. आईचं घेतलं. ती त्याला बघू शकत नव्हती, त्याने लिहिलेलं वाचू शकत नव्हती. तिला मुलगा म्हणजे त्याचा आवाज. आवाज गेला तर मुलगा घरात असून नसल्यासारखा.

“तुझा आवाज यंत्रात घाल की,” मी म्हटलं. तो रेकॉर्डरसमोर बसला, पण तोवर घशातून वाळकी झावळी ओढल्यासारखा आवाज येत होता. ऐकून त्याने रेकॉर्डर बाजूला सारला. जुन्या रेकॉर्डिंगांत शोधलं, तर तिथे सगळी गावची गावं बोलत होती, हा कुठेच नव्हता. स्वतःच्याच हाताने वेचून फेकलेला. परदेशातली इंग्रजी भाषणं तेवढी सापडली. त्यावरून त्याने एक आवाज बनवला आणि आईला ऐकवला. ती म्हणाली, “हा कोण दोरै आला?” दोरै म्हणजे गोरा साहेब. तो हसला, पण त्या दिवशी तो जेवला नाही. मी समोर होतो. मला रडू आवरेना.

शस्त्रक्रियेच्या आधी त्याने घोगऱ्या आवाजात मला विचारलं, “मामा, तुमचा घेऊं?”

“घे रे बाबा,” मी म्हटलं.

चेन्नईहून शस्त्रक्रिया करून परतला तेव्हा आई झोपाळ्यावर वाट बघत होती. गळ्याला पट्टी, हातात फोन. त्याने अक्षरं दाबली आणि माझा आवाज म्हणाला, “आई, आलों मी.”

“या राव,” आई मला म्हणायची तसंच म्हणाली. “माझा लेक कोठें?”

तो तिच्यासमोर खाली बसला. तिचा हात धरून त्याने आपल्या कानावर ठेवला. लहानपणी ती तोच कान पिळायची. तिने कान चाचपला, डोकं चाचपलं, पट्टीवर बोटं येऊन थांबली.

“हाच आवाज मिळाला काय तुज?” ती शेवटी म्हणाली. “बाजारांत दुसरा नव्हता?”

तो हसला. त्याच्या हसण्याचा आवाज आला नाही. मीच मोठ्याने हसलो, म्हणजे तिला कोणीतरी हसलेलं ऐकू यावं.

हळूहळू तिला सवय झाली. अडचण माझी झाली. इकडे थोरल्या बाईला मामीच म्हणतात, पण मी दारातून “मामी” म्हटलं की ती “काय रे बाळा?” म्हणायची, आणि मग ओशाळायची. म्हणून मी त्या घरात तमिळ बोलायला लागलो. एरवी आम्ही उंबऱ्याबाहेर तमिळ बोलतो, घरात मराठी. माझं तिथे उलट झालं. आमची बोली त्या घरात मी त्याला देऊन टाकली होती आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही. भिंतीपलीकडून माझ्याच आवाजात “आई, जेवलों मी” ऐकू यायचं. शेवटी शेवटी नळीने दूध चाललं होतं, तरी रोज तेच ऐकू यायचं.

दुखणं उलटलं आणि तो गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले. यंत्र आता कुठल्याशा विद्यापीठात आहे. आमची बोली ते अजून शिकतंय, असं कळतं.

मी रोज दुपारी मामींकडे जाऊन बसायचो. तमिळमध्ये हवापाणी, भाजीचे भाव सांगायचो. त्या हूं हूं करायच्या. एक दिवस त्यांनी झोपाळा थांबवला.

“पुरे झालें तमिळ, राव,” त्या म्हणाल्या. “एकदां आपल्यांत बोला.”

“मामी, तुम्हांला त्रास होईल,” मी तमिळमध्येच म्हणालो.

“होऊं दे.”

खोली अगदी गप्प झाली. थांबलेल्या झोपाळ्याची कडी एकदा करकरली आणि तीही थांबली. मग माझ्या तोंडून आपसूक निघालं, “काप्पी घेतली?”

मामींनी मान डावीकडे कलती केली. तशीच, अगदी त्याची. ती लकब त्याच्यात कुणाकडून आली होती ते मला तेव्हा कळलं.

“घेतली रे बाळा,” त्या म्हणाल्या. “अप्पुरम्?”