अनुभव: नाही

हरियाणातल्या मानेसरच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं इलेक्ट्रिशियन आहे, पण कायम कधीच झालो नाही. कंत्राटदार बदलला की आम्ही सगळे पुन्हा नवे ठरतो आणि पगार पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. यंदाही तो बदलला. नव्या कंत्राटदाराच्या माणसाने माझा अर्ज वाचला आणि हळूच म्हणाला, "भाईसाहब, तजुर्बा मत लिखिए. पुराने लोग ज्यादा माँगते हैं, साहब रखते नहीं."

गेटबाहेर आयटीआय झालेल्यांची रांग होती. त्यातला कुणीही माझ्या जागी आनंदाने आला असता. मी दुसरा फॉर्म मागून घेतला आणि अनुभवाच्या रकान्यात 'नाही' असं लिहिलं.

घरी बायकोने विचारलं, "घेतलं का?"

"घेतलं."

"मग या वेळी तरी पगार वाढवला?"

"नव्या माणसाचा कुठे वाढवतात?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. ती हसली.

दुसऱ्या दिवशी नव्या सुपरवायझरने मला मीच बसवलेलं पॅनेल कसं उघडायचं ते समजावून सांगितलं. मी मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.