आमच्या मुंबई प्रतिनिधीकडून

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. म्हणजे अर्धी माहीत आहे. जी हसण्यासारखी आहे, ती. उरलेली अर्धी मी आजवर तोंडाबाहेर काढलेली नाही, आणि आता काढायला बसलोय तर सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही. हसण्यासारख्या भागापासूनच करतो. तो सोपा आहे.

मी यवतमाळच्या एका दैनिकात बातम्या लिहायचो. वडील तहसील कचेरीत कारकून, मोठा भाऊ बँकेत, मी पेपरात. आमच्या घरात टेबल-खुर्ची सोडून दुसरं काम कुणी केलं नाही. पेपराचे वार्ताहर तालुक्या-तालुक्याला होते. मुंबईत कुणी नव्हतं. पण बातमीच्या वर ‘आमच्या मुंबई प्रतिनिधीकडून’ असं छापलं की पेपराला वजन येतं, असं आमच्या संपादकांचं मत होतं. मग तो प्रतिनिधी कोण? मी. माझं टेबल टीव्हीच्या समोर होतं, एवढीच माझी पात्रता. टीव्हीवर मुंबई दिसायची, मी ती लिहायचो. पुढे रविवारी त्याच प्रतिनिधीच्या टोपणनावानं सदर सुरू झालं. आठवड्यात मुंबईत काय घडलं, आणि त्यावर चार शब्द आपले.

खरी मुंबई मी दोनदा पाहिलेली. एकदा भाच्याच्या मुंजीला, आणि एकदा एका नातेवाइकाच्या बदलीच्या कामासाठी मंत्रालयात, सोबत म्हणून. समुद्र पाहिला तोही टॅक्सीच्या काचेतून. सदरात मात्र मी रोज संध्याकाळी चौपाटीवर फिरायला जायचो! पुलांची उद्घाटनं, पाडलेल्या चाळी, गणपतीतली गर्दी, सगळ्यांवर माझं मत तयार असायचं. लोकांना ते आवडायचं. घरी आलो की बायको विचारायची, “आलात मुंबईहून? मग आता कोथिंबीर घेऊन या.” आम्ही हसायचो.

कुणाचं काय बिघडत होतं? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे की पुढे पुढे तो मला उत्तरच वाटायला लागला.

माझं सदर कोण वाचतं, याचा मी कधी विचार केला नव्हता. डोळ्यांसमोर असायचे ते वकील, प्राध्यापक, निवृत्त साहेब लोक. पण मुंबईची बातमी खरी कुणाला हवी असते? ज्याचं माणूस तिथं आहे, त्याला. पांढरकवड्याच्या रस्त्याला आतल्या बाजूला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे. तिथले नायक देवसिंग. तांड्यात नायकाला मान असतो. भांडण असो, सोयरीक असो, चार लोकांसमोर नायक बोलला की ते ठरलं. हे देवसिंग नायक दर रविवारी आपल्या ओट्यावर बसून आमचा पेपर मोठ्यानं वाचायचे. म्हाताऱ्या बायांना मराठी झरझर कळत नाही, म्हणून एक एक वाक्य थांबून आपल्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत सांगायचे. सगळ्यात आधी माझं सदर. कारण त्यांची एकुलती लेक कविता नवऱ्याबरोबर मुंबईला होती. दोघंही बांधकामावर, राहायला खाडीकाठच्या एका वस्तीत.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी वेगळा वागलो असतो का? मला खात्री नाही.

कोरोनाच्या आधीचा उन्हाळा. दुपारी टीव्हीवर त्या खाडीकाठच्या वस्तीला आग लागल्याची बातमी सुरू झाली. धूर, बंब, माणसांची पळापळ. संध्याकाळी खाली पट्टी आली — जीवितहानी नाही, रहिवाशांना जवळच्या शाळेत हलवलं. तेवढ्यावर बातमी झाली असती. पण ‘आमच्या मुंबई प्रतिनिधीकडून’ म्हटल्यावर प्रतिनिधीनं काहीतरी पाहायला नको? मी लिहिलं की मी स्वतः त्या गल्ल्यांतून फिरलो. लिहिलं की सगळे सुखरूप आहेत, आणि लहान मुलं शाळेच्या ओट्यावर बसून गरम खिचडी खात होती. खिचडी मला फार आवडली होती. वाक्याला वाफ आल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवसिंग नायक आमच्या कार्यालयात आले. पांढरं धोतर, डोक्याला पागोटं, खांद्याला पिशवी, पिशवीत बांधून दिलेल्या भाकरी. धामणगाव स्टेशनावरून मुंबईची गाडी पकडायला निघाले होते, यवतमाळला एसटी बदलायची म्हणून मध्ये आमच्याकडे आले. हातात आमचाच पेपर. मी पुढे होतो, म्हणून मलाच विचारलं.

“साहेब, तुमचा मुंबईचा माणूस तिथं फिरून राह्यला ना? त्याईले एवढंच विचारा, कविता नावाची पोरगी दिसली का. आमच्या पांढरकवड्याकडची. तिचा फोन लागून नाही राह्यला. दिसली असन तं मी वापस जातो, घरी पुतणीचं लगन हाय. नाही तं गाडी पकडतो.”

तुम्ही काय केलं असतं? नाही, हे मी विचारायला नको. मी काय केलं ते सांगतो.

त्या वेळी मला एकच वाक्य बोलायचं होतं. ‘नायक, तिथं आमचा कुणी माणूस नाही, तुम्ही गाडी पकडा.’ संपलं असतं. नायक फार तर दोन शब्द बोलले असते, किंवा काहीच बोलले नसते. घाईत होते. पण पलीकडच्या टेबलावरची दोन माणसं मान वर करून बघत होती, आणि नायक माझ्याकडे ज्या मानानं बघत होते तो मान मला सोडवेना. खरं कारण एवढंच आहे. मी म्हणालो, बसा, विचारतो. आतल्या खोलीत गेलो. फोन कानाला लावला, कुणाला लावला नाही. थोडा वेळ भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभा राहिलो. बाहेर येऊन सांगितलं, बोलणं झालं, कविता शाळेत आहे, जावईही आहे, फोन तेवढे जळाले.

‘फोन तेवढे जळाले’ हे तर कुणी विचारलंही नव्हतं. ते मी आपल्या मनानं घातलं.

देवसिंग नायकांनी दोन्ही हात जोडले. डोळे पुसले. आपला मोबाइल नंबर मला दिला, काही कळलं तर कळवा म्हणाले, आणि उलटी एसटी धरून तांड्यावर परत गेले. तिथं लग्नाच्या मांडवात उभं राहून त्यांनी चार लोकांना सांगितलं की लेक-जावई खुशाल आहेत, पेपराच्या माणसानं डोळ्यांनी पाहिलं आहे. नायकानं सांगितलं, म्हणजे ठरलं. दुसऱ्या कुणी चौकशी केली नाही.

इथपर्यंतचं ऐकून तुम्हाला वाटलं असेल, हाच माझा गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. भीतीनं, मोठेपणाच्या हौसेनं माणूस खोटं बोलून जातो, वाईट झालं. पण गोष्ट इथं संपत नाही.

शनिवारी दुपारी मी रविवारचं सदर लिहीत होतो. टीव्हीवर एका हॉस्पिटलचं फाटक दाखवत होते. जीवितहानी नाही म्हणत होते, पण एक जण आदल्या रात्री भाजलेल्या जखमांनी गेला होता. त्याची बायको फाटकाशी बसलेली. हाताला पट्टी. सोबत कुणी नाही. मधूनच ती रस्त्याकडे बघायची. वार्ताहर मुलीनं तिला नाव विचारलं, गाव विचारलं. कविता. यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याजवळचा तांडा. घरून कुणी येतंय का? ती म्हणाली, “फोन गेला, नंबर पाठ नाही. पण बापू येतील.”

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. टीव्हीचा आवाज मोठा होता.

नायकांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. शनिवारची दुपार होती. तेव्हा फोन केला असता, तर ते संध्याकाळच्या गाडीत बसले असते आणि जावयाला उचलायच्या वेळी लेकीजवळ पोचले असते. मी फोन हातात घेतला होता. पण बोलणार काय? काल मी त्यांना जे सांगितलं त्याचं काय करू? मी फोन टेबलावर ठेवला — आणि लिहायला लागलो.

मी तिच्यावर लिहिलं. नाव घातलं नाही. ‘आपल्याच जिल्ह्यातली, पांढरकवड्याकडच्या एका तांड्यावरची तरुण लेक’ असं लिहिलं. लिहिलं की मी तिच्याजवळ बसलो होतो, ती रस्त्याकडे डोळे लावून बापाची वाट पाहत होती, आणि बाप आला नाही. पुढे भाष्य. गावं दगडाची झाली. आपण लेकी शहरात पाठवतो आणि विसरतो. मांडवात जेवणावळी उठतात आणि तिकडे पोर एकटी पडते. मांडव मी मुद्दाम घातला. चांगला बसत होता. मला माहीत होतं ना, घरी लग्न आहे!

हे लिहिताना माझे डोळे भरून आले होते. हे सांगायला सगळ्यात लाज वाटते. मी खरोखर रडलो, आणि मजकूर छपाईला दिला.

रविवारी सकाळी देवसिंग नायक ओट्यावर बसले. समोर लग्नघरचे पाहुणेही होते. आमच्या पेपराचा त्या भागातला एजंट तिथं हजर होता, त्यानं पुढे कार्यालयात येऊन हे सांगितलं, म्हणून मला माहीत. नायक नेहमीसारखे एक वाक्य वाचायचे, थांबून गोर बोलीत सांगायचे. हॉस्पिटलचं फाटक सांगितलं. पट्टीचा हात सांगितला. त्यांची बायको सगळ्यात आधी उठली. तिला कळलं, नायकांना अजून कळलं नव्हतं. ते पुढचं वाक्य वाचत होते, बाप आला नाही, हे. ते त्यांनी गोर बोलीत सांगितलं नाही. पेपर मांडीवर ठेवला.

पुढचंही एजंटकडूनच कळत गेलं. ते मुंबईला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. जावयाला मित्रांनी पोचवलं. कविता बापाला एवढंच म्हणाली, “आता काहून आले?” तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही. परतही आली नाही, मुंबईतच कामाला आहे. आईशी फोनवर बोलते. तांड्यात नायकांना आजही नायक म्हणतात, पण रविवारी ओट्यावर वाचन होत नाही. वाद मिटवायला आता लोक त्यांच्या चुलतभावाकडे जातात.

आणि माझं? त्या लेखाचं फार कौतुक झालं. फोन आले. एका वाचनालयानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. त्या समारंभात मी संवेदनशीलतेवर भाषण केलं. मुंबईच्या प्रतिनिधीला यवतमाळात शाल कशी, असं कुणी विचारलं नाही. तो मजकूर मी ‘संपादित’ केला, असं पत्रिकेत छापलं होतं.

मागच्या वर्षी कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो. तिथं बाहेर देवसिंग नायक भेटले. थकले होते, काठी होती हातात. मी ओळख दाखवली नसती. त्यांनीच हाक मारली. चहा घेऊ म्हणाले. टपरीवर बाकावर बसलो. लेकीचं विचारायची मला हिंमत नव्हती, तर त्यांनी आपणहूनच काढलं.

“तुमच्या मुंबईच्या साहेबाचा मले राग नाही. माणूस चुकते. शाळंत दुसरी कोनी कविता दिसली असन त्याईले. पन पुढं त्याईनं लिवलं ते खरं लिवलं. मी बाप. मी कायले वापस फिरलो? मी जाले पाह्यजे होतं.”

म्हणजे इतकी वर्षं ते त्या माणसाला सांभाळून घेत होते, जो नव्हताच. आणि सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर. माझ्या एका वाक्यानं तो उतरला असता. कदाचित कवितानंही फोन उचलला असता. मला ते तिथं, बाकावर बसल्या बसल्या, अगदी स्पष्ट दिसत होतं. घाई नव्हती. पलीकडच्या टेबलावरून बघणारं कुणी नव्हतं. आता मी निवृत्त झालोय, माझं कुणी काही वाकडंही करणार नव्हतं.

मी चहा पीत राहिलो. माझी एसटी लागली तेव्हा उठलो. नायक काठी टेकत माझ्याबरोबर उठले आणि म्हणाले, “ते साहेब भेटले तं त्याईले माहा रामराम सांगजा.”

सांगतो, म्हणालो, आणि गाडीत जाऊन बसलो.