तेलाच्या कपाटाची किल्ली

इट्टियवीरा एकेचाळीस वर्षं नेडुंतुरुत बेटावरच्या देवळात कप्यार होता. घंटा वाजवायची, दिवे लावायचे, अच्चनांचे, म्हणजे धर्मगुरूंचे, झगे घडी करून ठेवायचे, धुपाटण्यात निखारे घालायचे, मयतीपुढे क्रूस धरून चालायचं, ही त्याची कामं. दर पाच वर्षांनी बिशप जुन्या अच्चनांना हलवून नवे धर्मगुरू पाठवत. कप्यार मात्र तोच. माणसं चेष्टेनं म्हणत, "अच्चनांची बदली पिताव करतात, आमच्या वीराचेट्टनची करायला स्वर्गातून हुकूम यावा लागेल!" बिशपला बेटावर सगळे पितावच म्हणत. बाप म्हणून. आणि इट्टियवीराला चेट्टन, म्हणजे दादा.

त्याचा धाकटा मुलगा मत्तायी धर्मगुरू झाला. दीक्षेच्या दिवशी मत्तायीनं आपले जोडलेले हात पितावांच्या हातांत दिले आणि आज्ञेत राहीन असा शब्द दिला. तेव्हा धुपाटणं धरून शेजारी इट्टियवीराच उभा होता. डोळे का भरलेत असं कुणी विचारलं, तेव्हा त्यानं धुरावर ढकललं. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी आला तर हा खुर्चीतून उठला, वाकून त्याच्या हाताचं चुंबन घेतलं आणि म्हणाला, "या, अच्चन."

त्याची बायको एली दारात हसत सुटली. "ज्याचा शेंबूड मी पुसला त्याला अहो-जाहो करू? मला नाही जमायचं."

"जमवायचं," इट्टियवीरा म्हणाला. "तो आता आपला नाही. पितावांचा आहे."

एलीनं ते कधीच जमवलं नाही. इट्टियवीरानं बारा वर्षं मुलाला एकदाही तू म्हटलं नाही.

मग मत्तायीची डोंगराकडच्या देवळातून बदली झाली आणि तो गेला नाही. तिथली माणसं त्याच्या दारात आडवी पडली होती म्हणे. शाळेवर छप्पर चढलं की जातो, असं त्यानं कळवलं. बिशपच्या निवासातून, म्हणजे अरमनेतून, आणखी दोन पत्रं आली. तो हलला नाही. शेवटी आज्ञापत्र निघालं आणि ते प्रत्येक देवळात वाचायचं ठरलं. मत्तायी येऊन गुडघे टेकून क्षमा मागेपर्यंत त्यानं मिस्सा करायची नाही, कुणाची पापांची कबुली ऐकायची नाही, कुणा आजाऱ्याला पवित्र तेल लावायचं नाही.

आदल्या संध्याकाळी बेटावरचे कुर्याक्कोस अच्चन म्हणाले, "वीराचेट्टा, उद्या घरी राहिलात तरी चालेल."

"मग घंटा कोण वाजवणार?"

तो आला. अच्चन वाचत असताना मेणबत्ती धरून त्यांच्या बाजूला उभा राहिला. मिस्सा संपल्यावर त्यानं स्वतःच खळ शिजवली आणि आज्ञापत्राचा कागद देवळाच्या फळ्यावर चिकटवला. एक कोपरा सुटत होता, तो अंगठ्यानं दाबून धरला. मागून जाणारी एक बाई म्हणाली, "चेट्टा, खळ जरा जास्तच लावलीत हो!"

त्यानंतर मत्तायी घरी आला की त्याला हाक काय मारायची हेच इट्टियवीराला कळेना. अच्चन म्हणावं तर कागद आठवे, मत्तायी म्हणावं तर जीभ अडखळे. म्हणून तो हाकच मारत नसे. "जेवायला वाढलंय," असं भिंतीकडे बघून सांगे.

नोव्हेंबरात एलीचं दुखणं वाढलं. पाय सुजले, बसल्याशिवाय श्वास घेता येईना. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. बुधवारी मत्तायी आला. त्याच आठवड्यात सगळे अच्चन वार्षिक ध्यानासाठी अरमनेत गेले होते. आसपासच्या एकाही देवळात अच्चन नव्हता. गुरुवारी सकाळी एलीचे ओठ निळे पडले, तेव्हा इट्टियवीरानं शेजारच्या कोच्चितोम्मनला होडी देऊन अरमनेकडे पिटाळलं. कालवा जलपर्णीनं गच्च भरला होता. "संध्याकाळच्या आत काही होत नाही," कोच्चितोम्मन म्हणाला आणि बांबू टेकत निघाला.

एलीला सगळं कळत होतं. "अच्चनांना बोलवा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मला एक गोष्ट सांगायचीय. ती घेऊन मला जायचं नाही."

मत्तायी उठून बापाजवळ आला. "अप्पा, देवळातल्या तेलाच्या कपाटाची किल्ली द्या."

किल्ली इट्टियवीराच्या कमरेला होती. त्यानं तिच्यावर हात ठेवला. "ते पितावांनी आशीर्वाद दिलेलं तेल आहे."

"माणूस मरणाच्या दारात असलं की बंदी लागू होत नाही. नियमच आहे तसा. हाकलून दिलेल्या धर्मगुरूलासुद्धा त्या वेळी चालतं."

"कागदात नव्हतं."

"कागदात सगळं लिहीत नाहीत हो."

"मी चिकटवलाय तो कागद. अक्षरन्‌अक्षर पाठ आहे मला. मिस्सा नाही, कबुली नाही, तेल नाही. मरण सोडून, असं कुठं म्हटलंय त्यात?"

"अप्पा, अम्मची तिकडे अशी पडलेली असताना मी खोटं बोलेन?"

"तू पितावांच्या हातात हात देऊन शब्द दिला होतास. तो कुठं पाळलास?"

बारा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून तू निघाला. मत्तायी खाटेपाशी जाऊन आईच्या कानाशी वाकला. "तेल राहू दे, अम्मची. तू नुसतं बोल. मी ऐकतो. तेवढं पुरे."

एलीनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीतून कालव्याकडे पाहत होता. तिनं बराच वेळ वाट पाहिली.

"नको रे," ती शेवटी म्हणाली. "तुझे अप्पा म्हणतात तसंच. कुर्याक्कोस अच्चन येतील ना?"

"येतील," इट्टियवीरा म्हणाला.

दुपारी कंजीचं भांडं चुलीवरच होतं, तेव्हा ती गेली.

कुर्याक्कोस अच्चन पाच वाजता पोचले. गुडघ्यापर्यंत चिखल, झगा वर खोचलेला. त्यांनी प्रार्थना म्हटली, तिच्या कपाळावर क्रूस काढला. ते अंगणात आले तसा इट्टियवीरा मागोमाग गेला. दिवसभर त्याला एकाच गोष्टीचा आधार होता, ती त्यानं सांगितली. "मुलगा किल्ली मागत होता, अच्चो. मी दिली नाही. पितावांचा शब्द मोडू दिला नाही."

अच्चनांनी तोंड पुसलं. "आणि मत्तायी अच्चन इथंच होते? घरात?"

"हो. पण मी हातही लावू दिला नाही."

"अय्यो, चेट्टा!" अच्चन पायरीवर बसले. "द्यायची होती हो किल्ली. मरणाऱ्यासाठी कुठलाही धर्मगुरू चालतो. खुद्द पितावांनीच त्यांना आत ढकललं असतं."

"कागदात नव्हतं ते."

"कागदात कशाला लागतं? हे सगळ्यांना ठाऊक असतं."

"कुणाला?"

अच्चनांनी चिखलाच्या पायांकडे पाहिलं. "सगळ्या अच्चनांना," ते हळूच म्हणाले.

अंत्यविधीला पिताव स्वतः आले. मुलाशी बिनसलेलं असलं तरी धर्मगुरूच्या आईला तेवढा मान असतोच. मत्तायी गावकऱ्यांत, मागे, झगा न घालता साधं मुंडू नेसून उभा होता. पितावांनी इट्टियवीराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी निष्ठावंत माणसं आहेत म्हणून देवळं उभी आहेत." इट्टियवीराला त्यांना विचारायचं होतं, ती एक ओळ कागदात का नाही घातलीत. तो त्यांच्या अंगठीवर ओठ टेकून वर बघेपर्यंत मागच्यानं रेटलं आणि त्याची पाळी संपली.

सातव्या दिवशी मत्तायीनं पिशवी उचलली. इट्टियवीरा अंगणातच गुडघ्यांवर बसला.

"अच्चन," तो म्हणाला, "माझी कबुली ऐका."

मत्तायीनं त्याला काखेत धरून उठवलं. "मला बंदी आहे, अप्पा."

"पण तुम्हीच म्हणालात ना, चालतं म्हणून."

"ते मरणाऱ्यासाठी. तुम्ही ठणठणीत आहात." तो चिडून बोलला नाही, थकलेला होता. "कुर्याक्कोस अच्चनांकडे जा."

"त्यांचं काय बिघडवलंय मी? त्यांनी कशाची माफी द्यायची?"

मत्तायीनं पिशवी खांद्यावर टाकली.

"ती काय सांगणार होती?" इट्टियवीरानं विचारलं.

"मला कसं ठाऊक असणार?" मत्तायी म्हणाला आणि होडीकडे गेला.

इट्टियवीरा अजून घंटा वाजवतो. रविवारी माणसं पवित्र भाकर घ्यायला रांगेत येतात, तेव्हा प्रत्येकाच्या हनुवटीखाली ताटली धरून तो उभा राहतो. रांग संपली की कुर्याक्कोस अच्चन त्याच्याकडे वळतात. तो मान हलवून मागे सरतो. कबुली दिल्याशिवाय घ्यायची नाही, एवढं त्याला कुणी न सांगता ठाऊक आहे.

"द्या की कबुली, चेट्टा," अच्चन नंतर एकटं गाठून म्हणतात. "किती दिवस असं?"

"देईन, अच्चो," तो म्हणतो, आणि दिवे विझवायला लागतो. त्याची तब्येत अजून उत्तम आहे.