मयताच्या नावाचा पुकारा

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. उलट पोंभुर्ण्याकडची निम्मी भुतं मीच जन्माला घातलीत! काळीपिवळी चालवतो, पॅसेंजर पेंगू नये म्हणून काहीतरी सांगावं लागतं...

पण हे भर दुपारचं आहे. कोर्टाचं गाव तेवढं सांगत नाही, बाकी सगळं सांगतो.

माझा दोस्त दयाराम वारला. घर त्याच्या नावावर. बायको सोनाबाईनं वारस दाखल्यासाठी अर्ज केला, तर दीर नामदेव आडवा आला – "पंचांसमोर काडी मोडून सोडचिठ्ठी झाली होती. हे बाई वारस नाई!" दाखला नाही म्हणजे घर नाही. आणि गंमत बघा, तारखेला दोघंही माझ्याच गाडीत. दुसरी गाडीच नाही ना!

जजसाहेब म्हणाले, "काडीमोड खरी की खोटी, हे या अर्जात ठरवायचा मला अधिकार नाही. त्यासाठी वेगळा दावा लावा, तोवर हा अर्ज थांबेल."

सोनाबाई व्हरांड्यात येऊन मटकन बसली. "भाऊ, मंग तोवर मी कोन आहो? बायको का परकी?"

"वयनी, आधी पानी प्या," म्हणत मी गाडीतली बाटली आणून दिली.

लंचनंतर पुढच्या तारखेसाठी पुकारा झाला. शिपाई नवा. कागदावर सगळ्यात वर दिसलं ते नाव घेऊन ओरडला – मयताचंच! "दयाराम... हाजिर हो!"

कडुनिंबाखालून आवाज आला, "आलो ना वो! सोने, थैली धर."

जंगलातून मोहफुलं घेऊन आला की दयाराम हेच म्हणायचा. निंबाखाली कोणी नव्हतं. सोनाबाईनं मागे न बघता, सवयीनं हात पुढे केला... आणि तो हात वजनानं पार जमिनीला टेकला.

"काऊन रे नामदेव, घाम काऊन फुटला?" दारापाशी उभ्या दिराला मी विचारलं. तो थांबलाच नाही, थेट आत. "साहेब, मी खोटं बोललो. काडी मोडलीच नाई. माही हरकत नाई."

साहेबांनी तेवढं लिहून घेतलं. पुढच्या तारखेला दाखला झाला. परतताना नामदेवनं वहिनीला पुढची सीट दिली.

वकील म्हणतात, गर्दीत कोणीतरी चेष्टा केली असेल. असेल बुवा. पण सोनाबाईच्या चार बोटांवर थैलीच्या बंदाचा लाल वळ उठला होता. कुठून आला, मले अजून उमगलं नाही. गावात कोणी मानत नाही – सांगणारा मी ना! वाघ मी नेहमी दोन हात वाढवून सांगतो. वळ मात्र होता तेवढाच सांगितला.