साळूचं 'नाय'

साहेबाच्या तोंडावर 'नाही' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात? आठवा, सावकाश. साळू वाघमारेनं उभ्या आयुष्यात एकदाही म्हटलं नव्हतं.

पनवेलजवळ, शिरढोण गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला तिची कातकरीवाडी. तिथं पोर बोलायला लागलं की आधी हेच शिकतं. साहेब काहीही विचारो, 'हो' म्हणायचं, म्हणजे तो लवकर जातो. वीटभट्टीच्या मुकादमाला हो, फॉरेस्टवाल्याला हो. याच सवयीनं तिचा नवरा शुक्रा आत गेला. बांधकामावरून तांब्याची वायर चोरीला गेली, पोलिसांनी मजूर रांगेत उभे केले. "तू नेलीस?" "हो साहेब." शुक्राला वाटलं, आता सोडतील. अकरा महिने झाले. खटला सुरूसुद्धा झालेला नाही आणि माणूस शहराच्या मोठ्या तुरुंगात सडतोय.

मागच्या मुलाखतीला काचेपलीकडून फोनवर तो कुजबुजला होता. पंचवीस जणांच्या बराकीत सत्तर माणसं. पाठ टेकायला जागा मागितली म्हणून शिपायानं दांडक्यानं मनगट फोडलं. तिथल्या दवाखान्यात एक पांढरी गोळी दिली, साधी पट्टीही नाही.

"कुनाला सांगू नको. परत मारतील."

"हो," साळू म्हणाली.

पनवेलच्या बाजारात ती खेकडे घेऊन बसते. शेजारी गव्हाण गावची कमळाबाई, मासळीची पाटी घेऊन. तिच्यापाशी मात्र साळूला राहवलं नाही. कमळाबाईनं सुरी फळीवर आपटली.

"आनि तू हो बोललीस? जीभ भट्टीत भाजली का गो तुजी?"

"मारतील ना, मावशे."

"आता काय आरती ओवालतान त्याला? उद्या तारीख हाय ना? मी येतंय तुज्यासंगती. मासली गेली खड्ड्यात."

दुसऱ्या दिवशी दोघी पनवेलच्या कोर्टात. कैद्याला तिथं आणत नाहीत, तुरुंगातून थेट पडद्यावर दाखवतात. शुक्रा दिसला. त्याच्या बाजूला एक खाकी बाही, चेहरा नाही. न्यायाधीशांनी फाईलमधून मान वर न काढता शुक्राला विचारलं, "सगळं ठीक?"

"हो साहेब."

सरकारनं दिलेला वकील देवेश मोबाईल चाळत होता. शुक्रानं नमस्काराला हात उचलला. एकच, डावा. उजवा मांडीवर तसाच पडलेला. खेकड्याच्या बिळात खांद्यापर्यंत जाणारा तो हात साळू ओळखत होती.

"पुढची तारीख—"

"नाय!"

अख्खं कोर्ट वळलं. साळू उभी होती.

"कोण बाई? खाली बसा."

"नाय बसनार. ठीक नाय, साहेब. त्याचा उजवा हात बगा. वर करायला सांगा त्याला."

"सांगा की!" मागून कमळाबाई. "डोले हायत ना तुमाला?" तिला पोलिसानं बाहेर काढलं. जाता जाता त्याच्याही सात पिढ्यांचा तिनं उद्धार केला.

न्यायाधीशांनी पहिल्यांदा पडद्याकडे पाहिलं. शुक्रानं डाव्या हातानं उजवा उचलून धरला. काळानिळा, मनगटाशी वाकडा. तेवढ्यात खाकी बाही पुढे आली आणि पडदा निळा झाला.

"नेटवर्क गेलं," तिकडून फोनवर कळवलं गेलं.

आदेश निघाला. गुरुवारी आरोपीला प्रत्यक्ष हजर करा, डॉक्टरी तपासणीच्या कागदासकट. छान. हजर करण्याचे असे तीन आदेश आधीही निघालेत, आणि तुरुंगाकडून आलेल्या 'पोलीस बंदोबस्त उपलब्ध झाला नाही' या एका ओळीनं तिन्ही मारले. फरक एवढाच, की या वेळी कुणाची बायको बोलली हे आत तुरुंगात माहीत झालंय. हात असाच राहिला तर कायमचा जाईल. त्या दिवसापासून साळू बाजारात एकच विचारते, "मी बोलले म्हनून त्याला मारतील का, मावशे?" कमळाबाई मासळीचे खवले काढत राहते.

रिकाम्या बाकांसमोर ती एक ओळ वाचायला फार सोपी जाते. म्हणून गुरुवारी अकरा वाजता कोर्टात या. भाषण नको, घोषणा नको. साळूच्या शेजारी बसा, आणि शुक्राला आणून उभा करेपर्यंत उठू नका.