धूर सोडला, बोटं विसरलो

"तुमचं हृदय ठीक आहे. त्रास ह्याचा आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि माझ्या जॅकेटमधून निघालेली छोटी बाटली त्यांनी उजेडात धरली. "निकोटिन टॉक्सिसिटी." म्हणजे निकोटिनची विषबाधा.

जर्सी सिटीतल्या इमर्जन्सी रूममध्ये मी छातीला वायरी चिकटवून पडलो होतो. तोवर सगळे हृदयाच्याच मागे होते. ईसीजी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढून झाला. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, तीही झाली. काही सापडेना आणि धडधड थांबेना. अँजिओग्राफीचं नाव निघालं तेव्हा मी थिजलो. मी पंचविशीतला, आणि माझ्या हृदयात तार घालणार!

"सिगारेट ओढता का?" हे त्यांनी आल्या आल्या विचारलं होतं. मी जवळजवळ अभिमानाने "नाही" म्हणालो होतो.

ते खरंच होतं. २००८ चा हिवाळा होता. इंटरनेटवरून मागवलेली इलेक्ट्रॉनिक सिगारेट मी ओढत होतो. बॅटरीवर चालणारी नळी, आत निकोटिनचं द्रव, ओढलं की त्याची वाफ. इथल्या डॉक्टरांनीही ती पाहिली नव्हती.

माझे बाबा सोलापूरला विडी कामगार बायकांच्या युनियनचं काम करतात. लहानपणी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत असे. त्याच मुलाला इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सिगारेट लागली. प्रत्येक पाकिटागणिक आपण कंपनीला वर्गणी देतोय असं वाटून जीव जळायचा. म्हणून अमेरिकेत नोकरीला आल्यावर धरलेली ही नळी माझं बंड होतं. रूममेट्सना मी त्यावर व्याख्यानं देत होतो.

"अबे, तू सोडली नाहीस," नागपूरचा श्रीकांत म्हणायचा. "तू चार्जिंगला लावलीस."

सिगारेट निदान संपते तरी. तिच्यासाठी लिफ्टने खाली जावं लागतं, थंडीत उभं राहावं लागतं. नळी कीबोर्डच्या शेजारीच असायची आणि संपायचीच नाही. आधी डोकं दुखू लागलं, मग झोप गेली, मग टाइप करताना हात थरथरू लागले. सिगारेट सोडल्याचा त्रास असणार, असं मी ठरवलं आणि त्यावर उपाय म्हणून आणखी ओढली.

त्यात माझा एक उद्योग. नळीतली काडतुसं, म्हणजे द्रवाने भिजलेल्या कापसाच्या कुप्या, वापरून फेकायची असतात. आमच्या घरात लोणच्याची बरणीसुद्धा कोणी फेकत नाही. मी आतला कापूस काढायचो, कडक द्रवाची बाटली वेगळी मागवली होती त्यातले थेंब त्यावर सोडायचो आणि वात भिजवावी तसा बोटाने दाबायचो. बोटं जीन्सला पुसायचो. त्या शनिवारी बाटली मांडीवर कलंडली. टिश्यूने टिपलं आणि त्याच ओल्या जीन्समध्ये काम पुढे चालू ठेवलं.

थोड्या वेळाने घाम फुटला, उलटी झाली आणि छातीत धडधडायला लागलं. श्रीकांतने गाडी काढली.

इमर्जन्सीत तो कानाशी येऊन पुटपुटला, "नळीचं सांगितलंस?"

"ती सिगारेट नाही."

"यार, तू मरशील, आणि मरतानाही मुद्दा मांडशील!"

त्याने माझ्या जॅकेटमधून नळी आणि बाटली काढली आणि सरळ डॉक्टरांच्या हातावर ठेवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि विचारलं, "हे अंगावर सांडलं होतं का?" मी मांडीकडे बोट दाखवलं. क्षणात जीन्स उतरली. नर्सने मांडी आणि हात साबणाने खसखसून धुतले. "निकोटिनला धूर लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ते कातडीतूनही शिरतं."

आणि मला बाबांचं एक पत्रक आठवलं. विडी कधीही न ओढणाऱ्या बाया, दिवसभर तंबाखू हाताळून त्यांना येणारी चक्कर, मळमळ, थरथर. मी त्याच्या घड्या घातल्या होत्या. वक्तृत्व स्पर्धेत ते जोरजोरात म्हटलंही होतं. त्या बायांची बोटं मी पाठ केली होती. माझ्या बोटांकडे पाहिलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ठोके उतरले. अँजिओग्राफी टळली. "सिगारेटकडे परत जा, असा ह्याचा अर्थ नाही," डॉक्टरांनी बजावलं. पुढे त्यांच्या देखरेखीखाली मी पॅच लावले, म्हणजे निकोटिनच्या ठरावीक मात्रेच्या पट्ट्या, हळूहळू कमी करत.

तुमच्यापैकी कोणी ही नळी धरली असेल तर डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. प्रश्न सिगारेटचा असला तरी उत्तर निकोटिनचं द्या. आणि हात थरथरले तर 'सोडल्याचा त्रास' म्हणून आणखी ओढू नका.

बाबांना फोन केला. मी नळीचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "धूर गेला म्हणून मालक गेला का रे?"

अजून हात खिशाकडे जातो. बसवत नाही, उठवत नाही. तेव्हा श्रीकांत माझ्यासमोर लसणाचे गड्डे आणून टाकतो. "घे. बोटांना काम." मी सोलत बसतो. बोटांना वास येतो, तो लसणाचाच असतो.