लाइनवरचे सात आठवडे

माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होती, नऊ हजार फुटांवर. मी सिग्नल्समध्ये कॅप्टन होते. हाताखाली अडतीस माणसं, दोन जनरेटर, एक टेलिफोन एक्स्चेंज आणि अकरा किलोमीटर केबल. ही केबल आमच्या ठाण्यापासून वरच्या चौकीपर्यंत जंगलातून जायची. रेडिओ होता, पण त्या डोंगरांत तो कधी लागायचा, कधी नाही. म्हणून लाइन जिवंत ठेवणं हे आमचं रोजचं काम.

लाइन पार्टी म्हणजे दोन माणसं. सकाळी ०७०० वाजता निघायचं, केबलच्या कडेने चालत वर जायचं, कुठे झाड पडलंय, कुठे जोड सुटलाय ते बघायचं. दर दीड किलोमीटरवर टेस्ट पॉइंट. तिथे केबलला हातातला टेलिफोन जोडायचा आणि खाली एक्स्चेंजला कळवायचं, "टेस्ट पॉइंट तीन, लाइन ओके." मग पुढे. असे सात पॉइंट. मुक्काम वरच्या चौकीत, दुसऱ्या दिवशी परत.

नायक भटू बोरसे या कामातला आमचा सगळ्यात चांगला माणूस होता. वय एकतीस. गाव शिंदखेडा तालुक्यातलं. मी जळगावची आहे हे कळल्यावर तो माझ्याशी थेट अहिराणीत बोलायला लागला. मी हिंदीत उत्तर दिलं. माझं लहानपण दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. शाळेत इंग्रजी, घरी मराठी. अहिराणी फक्त दारावर येणाऱ्या भाजीवाल्या अक्कांकडून ऐकलेली. मला सगळी समजायची, पण तोंडातून निघायची नाही.

"जळगावन्या आनि अहिराणी येत नई?" बोरसे म्हणाला. "मॅडम, हाई काही बरं नई."

बाकीचे हसले. मी हजेरीच्या कागदाकडे बघत राहिले.

बोरसेचा बडी होता लान्स नायक हरपाल, पंजाबचा. सैन्यात बडी म्हणजे जोडीदार. जेवण, पहारा, काम सगळं दोघांनी मिळून. ही जोडी चार वर्षांची होती. फेब्रुवारीत आमची एक गाडी सामान आणायला खाली जाताना वळणावरून दरीत गेली. वेळ सकाळी १११०. बोरसे बाहेर फेकला गेला. हरपाल आतच राहिला. गाडीचं छत दबलं होतं; तो वाचला नाही. त्या दिवशी गाडीत कोण जाणार, त्या यादीवर माझी सही होती.

तीन आठवड्यांनी बोरसे हॉस्पिटलमधून परत आला. खांद्याचं हाड जुळलं होतं. पण तो झोपत नव्हता. बॅरेकमध्ये बूट घालून खाटेवर बसून राहायचा. अर्धी चपाती खाऊन उठायचा. केबलचा जोड मारताना त्याचे हात थरथरायचे.

मेडिकल ऑफिसर म्हणाले, "लाइट ड्यूटी द्या. महिन्याने बघतो. फरक पडला नाही तर खाली बेस हॉस्पिटलला पाठवावं लागेल."

बोरसेला याचीच भीती होती. त्याचा हवालदारीचा कोर्स जवळ आला होता. त्याहून मोठी भीती गावाची. डोक्यावर परिणाम झाला म्हणून परत आला, असं लोक म्हणतील.

"एकदाव खाले गया की मी गया, मॅडम," तो म्हणाला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. सैन्यात उघड्यावरचं काम म्हणजे कष्ट, नाहीतर शिक्षा. चुकलास, मैदानाला फेऱ्या मार. पाठीवर ओझं घे. फावडं घे. आणि ज्याची काळजी घ्यायची त्याला आपण छपराखाली नेतो, बसवतो, गरम चहा देतो. मीही तेच केलं. बोरसेला एक्स्चेंजमध्ये बसवलं. वाळूच्या पोत्यांच्या भिंती, डोक्याला टेकेल असं छत, कोपऱ्यात बुखारीची शेगडी, हातभर खिडकी. तिथे ऊब होती. माझं ऑफिस शेजारी होतं. मला वाटलं, मी त्याच्यावर लक्ष ठेवते आहे.

दोन आठवड्यांत तो आणखी वाळला.

एका सकाळी बाहेरून सुभेदार नेगीसाहेबांचा आवाज आला. जाऊन बघते तर बोरसे दाराबाहेर पायरीवर बसलेला. भुरभुर पाऊस. कानाला हेडसेट. त्याची वायर दारातून ताणून बाहेर आणलेली.

"एक्स्चेंज अंदर होता है, बोरसे," सुभेदारसाहेब म्हणत होते. "बाहर सब्ज़ी बिकती है."

"कॉल एक भी मिस नहीं हुआ, साब."

मी सुभेदारसाहेबांना जायला सांगितलं. मग त्याला मराठीत विचारलं, पहिल्यांदाच. "आत काय होतं?"

त्याने हेडसेटची वायर सरळ केली. मग म्हणाला, "छत खाले येस, मॅडम. त्या गाडीनं छत." आणि थोड्या वेळाने, "माले लाइनवर धाडा."

मी मेडिकल ऑफिसरना फोन केला. ते म्हणाले, "चालून माणूस बरा होतो असं कुठे लिहिलंय?"

"माहीत नाही, सर. पण बसून तो बरा होत नाहीये."

"ठीक आहे. जोडीला भक्कम माणूस द्या."

मी सिपाही बिजूला दिलं. केरळचा, मोजकं बोलणारा. हे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

पहिल्या दिवशी मी एक्स्चेंजमध्ये थांबले. टेस्ट पॉइंट एक, लाइन ओके. दोन, ओके. तीन, ओके. चारवरून ओके आलं आणि पुढे काहीतरी लांबलचक. ऑपरेटर बिहारचा. त्याने हेडसेट माझ्याकडे दिला. "मैडम, ये आपकी भाषा है."

"मॅडम," बोरसे म्हणाला, "आठे झाडले लाल फुलं उनात. बठ्ठं झाड लाल शे. आपला पळससारखं दिखस, पन पळस नई."

इथे सगळं झाड लाल फुलांनी भरलंय, असलं लाइनवर बोलायची परवानगी नसते. मी त्याला तसं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "टेस्ट पॉइंट चार, रॉजर." एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात तो तीन चपात्या खायला लागला. सुभेदारसाहेब म्हणाले, "मैडम, राशन बढ़ाना पड़ेगा." तिसऱ्या आठवड्यात बिजू स्वतःहून ऑफिसमध्ये आला आणि सावधानमध्ये उभा राहिला.

"बोरसे सोता है, मैडम. बहुत खर्राटा. अब मैं नहीं सोता."

मी आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर जायला लागले. कागदावर ते इन्स्पेक्शन होतं. खरं कारण वेगळं होतं. त्या यादीनंतर मलाही झोप नव्हती, आणि हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. जंगलात पहिला तासभर डोक्यात ऑफिसच असायचं. मग पायाखालचं शेवाळ, दगडांवरून येणारं पाणी, धाप, यातच लक्ष जायचं. टेस्ट पॉइंट पाचच्या पुढे एक मोकळी जागा होती. तिथून खाली तीन डोंगर दिसायचे. आम्ही तिघं तिथे दहा मिनिटं बसायचो. कोणी बोलायचं नाही. एकदा बोरसे म्हणाला, "आठे कान मोकळा व्हतस." मी मान हलवली. उतरताना माझे ताठलेले खांदे सैल झालेले असायचे.

महिना झाल्यावर मेडिकल ऑफिसरनी त्याला तपासलं आणि फिट लिहिलं. बोरसेने सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली. लंगरमधली, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली जिलेबी, कडक झालेली. तरी संपली.

सातव्या आठवड्याच्या शेवटी दोन दिवस सलग पाऊस पडला. तिसऱ्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. ०९१० वाजता वरच्या चौकीची लाइन गेली. रेडिओ चालू होता, आवाज स्पष्ट. आमच्याकडे नियम होता: मोठ्या पावसानंतर चोवीस तास उतारावर कोणी जायचं नाही. रेडिओही बंद पडला तरच जायचं. नियम मीच लिहिला होता.

०९३० वाजता बोरसे आला. "जाऊ द्या, मॅडम. दोन दिन आत बशीसन डोकं भरी गयं."

सुभेदारसाहेब म्हणाले, "पहाड़ गीला है, मैडम. कल भेजिए."

मी बोरसेकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी तो बूट घालून खाटेवर बसलेला मला दिसला होता. तो पुन्हा मागे जाईल, असं मला वाटलं. त्याच्यासाठी बाहेर जाणं म्हणजे औषध, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो डोंगर आहे, हे मी विसरले.

"जा," मी म्हणाले. "टेस्ट पॉइंट सहापर्यंत. पुढे मला विचारल्याशिवाय नाही."

ते १००५ वाजता निघाले. १३४० वाजता सहावरून आवाज आला.

"टेस्ट पॉइंट सहा. लाइन आठेपर्यंत ओके. पुढे तुटेल दिखस. पन्नास मीटर. जाऊ का? ओव्हर."

"उतार कसा आहे? ओव्हर."

"हिरवा शे, मॅडम. बठ्ठा धुयेल. भारी दिखस."

"पाण्याचा आवाज?"

"शे. थोडासा."

इथे मी त्याला परत बोलवायला हवं होतं. मी म्हणाले, "बिजूला तिथेच ठेव. एकटा जा. पंधरा मिनिटं. ओव्हर."

"रॉजर, मॅडम."

१३५२ वाजता लाइनवर बिजू आला.

"स्लाइड. स्लाइड. बोरसे नीचे."

"तू कहाँ है?"

"अपनी जगह पर. बोरसे दिखता नहीं, मैडम. मैं जाता हूँ."

"वहीं रहो. हिलना नहीं. ये ऑर्डर है."

तो रडत होता, पण हलला नाही. शोध घेणारी पार्टी १७१० वाजता पोहोचली. बोरसे दुसऱ्या दिवशी सकाळी ०७१५ वाजता सापडला, दोनशे फूट खाली.

चौकशी झाली. मी नियम सांगितला, तो मी मोडला हेही सांगितलं. निष्कर्षात लिहिलं होतं: लाइन पूर्ववत करणं आवश्यक होतं, दरड अचानक कोसळली, कोणाचा दोष नाही. मी त्यावर सही केली. त्याचं पार्थिव घेऊन मी गावी गेले नाही. दुसऱ्या अधिकाऱ्याला पाठवलं गेलं, आणि मी ते काम मागून घेतलं नाही.

पुढच्या वर्षी सैन्यातली माझी मुदत संपली. मी जळगावला आले. आईने उन्हामुळे पडदे ओढून घेतले आणि म्हणाली, "आता आराम कर." मी तीन महिने त्या खोलीत आराम केला. झोप नव्हती. एका सकाळी पडद्याकडे बघताना लक्षात आलं, बोरसेला जे दिलं होतं तेच मी आता स्वतःला देते आहे.

ऑगस्टमध्ये मी धुळ्यावरून शिंदखेड्याला गेले, तिथून रिक्षाने त्याच्या गावी. बोरसेचे वडील, नाना, ओट्यावर बसले होते. "ये माय, बस," म्हणाले. "भटूनी मॅडम उनी," असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. माणसं जमली. चहा झाला. तिथे बर्फ होता का, जेवण काय होतं, असं सगळं विचारून झालं. त्याची बायको मंगला दारात उभी होती. तिने चहाचे कप गोळा केले. मग म्हणाली, "ताई, वावरात चला. आठे बोलता येत नई."

शेतात कपाशी गुडघ्याएवढी होती. तिने माझ्या हातात खुरपं दिलं. एकेक तास, म्हणजे कपाशीची ओळ, धरून आम्ही निंदायला बसलो. मी सगळं सांगितलं, वेळांसकट. नियम सांगितला. सुभेदारसाहेब काय म्हणाले ते सांगितलं. तिचं खुरपं थांबलं नाही.

"तवय तुम्ही कोठे व्हतात?" तिने विचारलं.

"एक्स्चेंजमध्ये. छपराखाली."

"हं."

थोडं गवत निघाल्यावर ती बोलायला लागली. अपघातानंतर दर रविवारी फोन यायचा आणि त्यात नुसता श्वास ऐकू यायचा. जेवलात का? हो. बरे आहात का? हो. मग एका रविवारी तो अर्धा तास झाडाफुलांवर बोलला.

"मी सांगं, बायकोले फोन करी राहिनात का माळीले?" ती हसली. मग तोंडाला पदर लावला. हात मातीचा होता, पदराला माती लागली.

"त्या सात आठवडा तुम्ही मना माणूस माले परत दिधा," ती म्हणाली. "त्यानासाठे मी तुमले हात जोडस. पन त्यानंतरनं मी माफ नई करस, ताई. तुम्ही मागू नका."

"नाही मागत," मी म्हणाले.

तास संपला. तिने पुढचा धरला. मी शेजारचा धरला. पाठ दुखत होती, ऊन होतं, बांधावर लिंबाच्या झाडात होले बोलत होते. दिवे लागायच्या आधी आम्ही घरी आलो. परतीच्या बसमध्ये मी धुळ्यापर्यंत झोपले. कित्येक महिन्यांनी. जाग आली तेव्हा मला त्याची लाज वाटली.

आता मी महिन्यातून एकदा जाते. मंगला बोलावत नाही, जा म्हणतही नाही. जे काम चालू असेल ते मी करते. नाना बांधावर बसतात आणि मी चुकीचं रोप उपटलं की ओरडतात.

चौकशीत मला खूप प्रश्न विचारले गेले. दोर होता का, बूट कसले होते, संदेश किती वाजता आला. तो कसा होता, हे कोणी विचारलं नाही. म्हणून इथे लिहिते. नायक भटू बोरसे, गाव शिंदखेडा तालुका, त्याच्या शेवटच्या सात आठवड्यांत पोटभर जेवत होता. त्याचे हात थरथरत नव्हते. बूट काढून झोपत होता, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाची झोप उडेल एवढा घोरत होता.